नाही म्हणा, पण कागदावर म्हणा



गेल्या पंधरवड्यात दोन पत्रे हाती आली. दोन्ही आपल्या नाशिक जिल्ह्यातलीच. पण एक वाचून दुसरे वाचले, तर दोघे लिहिणारे एकमेकांशीच भांडत आहेत असे वाटावे.

पहिले पत्र निफाड भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचे. ते लिहितात, "ऑक्टोबर छाटणीला माणूस मिळत नाही. पाड्यावर गाडी पाठवली तर अर्धी माणसे येत नाही म्हणतात. रोजगार हमीचा भत्ता घरबसल्या मिळतो, मग हात कशाला हलवतील? काम नाकारील त्याचा भत्ता बंद करा, असे आपण सदरात का लिहीत नाही?"

दुसरे पत्र सुरगाणा भागातल्या एका तरुणाचे. अक्षर वळणदार, पण कागद वहीचा फाडलेला. तो लिहितो, "मी कामाची मागणी केली. एकविसाव्या दिवशी काम निघाले, ते चौदा किलोमीटरवर. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरे कोणी नाही. मी गेलो नाही. आता सांगतात, तू काम नाकारलेस, तुला भत्ता नाही. गरिबाला नाही म्हणायचा हक्कच नसतो का?"

दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे आहे आणि थोडा गैरसमज आहे. म्हणून आज खत-औषधाचा विषय बाजूला ठेवून या भत्त्याचाच हिशेब मांडू.

आधी हा भत्ता आला कोठून ते पाहू. रोजगार हमी ही कल्पना महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे तिचा प्रयोग मांडला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी गावोगाव खडी फोडलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. आपल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे सरकारचे धोरण होते ते त्या दिवशी माणसाचा हक्क झाले. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातला पैसा पेठ-सुरगाण्याच्या चरांत आणि बंधाऱ्यांत पोचला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्या कायद्यात एक अट होती. सरकारने काम दिले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा. तो दिवसाला एक रुपयापेक्षा कमी नसावा. एक रुपया म्हणजे मोठी रक्कम नव्हे. पण त्यामागचा विचार मोठा होता. मजुराने मागणी केली आणि सरकार गप्प बसले, तर ते गप्प बसणे सरकारला फुकट पडू नये, हा तो विचार. भत्ता हा मजुराला दिलेला दानधर्म नाही. काम वेळेवर न काढल्याचा तो दंड आहे. एवढे एक वाक्य आमच्या निफाडच्या बंधूंनी ध्यानात ठेवले, तरी त्यांचा अर्धा राग उतरेल.

२००५ साली देशभरासाठी केंद्राचा कायदा झाला. २००९ पासून त्याला महात्मा गांधींचे नाव लागले. त्यात भत्त्याचे नियम अधिक स्पष्ट झाले. मागणीचा अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर भत्ता सुरू. आर्थिक वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, त्यापुढच्या दिवसांना किमान निम्मी मजुरी.

आता आकडे घालून पाहू. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रासाठी या योजनेची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तिचा चौथा हिस्सा ७८ रुपये. निम्मी म्हणजे १५६ रुपये. निफाडकर बंधूंनी आपण बागेत देता ती रोजी आणि हे ७८ रुपये शेजारी शेजारी लिहावेत. ७८ रुपयांसाठी कोणी पोराबाळांसह घरी बसून राहील, हे मनाला पटते का? आणि तेही हाती पडले तर! हा भत्ता फार थोड्या घरांना मिळाला, ही त्या योजनेची जुनीच रड आहे. पोच नाही, तारीख नाही, म्हणून हक्क नाही, असेच बहुतेकांचे होते. तेव्हा मजूर घरबसल्या भत्ता खातो हे म्हणणे हिशेबाला टिकत नाही.

दुसरी गोष्ट. बागायतदाराची गाडी परत पाठवली म्हणून कोणाचा भत्ता बंद होत नसे. २००५ च्या कायद्यात काम नाकारणे याचा अर्थ योजनेखाली दिलेले काम नाकारणे एवढाच होता. खाजगी मळ्यावर जायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मजूर आपल्याकडे का येत नाही याचे उत्तर भत्त्यात शोधून उपयोग नाही. ते दुसरीकडे आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता सुरगाण्याच्या तरुणाचे. बाबा, तुला कडू वाटेल, पण खरे ते सांगतो. कायद्याने प्रत्येक नकार मान्य केलेला नव्हता. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, पण तेवढ्यात नसेल तर तालुक्याच्या हद्दीत कोठेही देता येत असे. मात्र पाच किलोमीटरच्या पुढे गेले की जाण्यायेण्यासाठी आणि राहण्याखाण्यासाठी मजुरीवर दहा टक्के जादा द्यावे लागत. ३१२ रुपयांवर ते ३१ रुपये २० पैसे होतात. तेव्हा चौदा किलोमीटरवरचे काम बेकायदा नव्हते. ते जादा पैसे न देता दिले असते, तर चूक झाली असती.

भत्ता केव्हा बंद होई, तेही नीट समजून घे. तीन कारणे होती. दिलेले काम स्वीकारले नाही, हे पहिले. कामावर या असे कळवल्यापासून पंधरा दिवसांत हजर झाला नाही, हे दुसरे. परवानगी न घेता सलग आठवड्यापेक्षा जास्त, किंवा एका महिन्यात मिळून आठवड्यापेक्षा जास्त गैरहजर राहिला, हे तिसरे. यांपैकी काही घडले तर तीन महिने भत्ता मागता येत नसे. पण पुढचे वाक्य नीट वाच, कारण ते तुला कोणी सांगितले नसेल. त्या तीन महिन्यांतही काम मागण्याचा हक्क शाबूत राही. भत्ता गेला म्हणून काम गेले असे नाही. "तू काम नाकारलेस, आता तुझा अर्ज घेत नाही" असे कोणी म्हणाले असेल, तर ते चुकीचे आहे. आणखी एक. तू काम नाकारण्याआधीचे जे दिवस होते, म्हणजे सोळाव्यापासून विसाव्यापर्यंतचे पाच, त्या दिवसांत काम देणे ही सरकारचीच बाजू राहून गेली होती. ७८ च्या हिशेबाने त्याचे ३९० रुपये होतात. ते मागायला संकोच करू नकोस. भत्ता देता येत नसेल तर त्याचे कारण वरिष्ठांना लेखी कळवण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावरच टाकलेली होती.

आता चूक कोठे झाली? तुझी अडचण खरी होती. आजारी आईला सोडून चौदा किलोमीटर जाता येत नाही, हे कोणीही मान्य करील. पण तू ते कोणाला सांगितले? नियमात "परवानगी न घेता" असे शब्द आहेत. परवानगी घेऊन घरी राहणे आणि नुसते न जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तू मनात नाही म्हणालास, कारणही मनात ठेवलेस. कागदावर फक्त एक रिकामी चौकट राहिली. आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ लिहिणारा लावतो.

हे मी ठामपणे सांगतो, कारण अशी एक चौकट मी स्वतः भरलेली आहे.

नोकरीला लागून मला तिसरे वर्ष होते. तेव्हा मी कृषी सहायक होतो. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका पाड्यावर रोजगार हमीतून मृद्‌संधारणाचे काम चालू होते. डोंगराच्या उतारावर समतल चर खणायचे. हजेरीपट माझ्याकडे. कामावर पन्नास-साठ माणसे, त्यांत एक लेकुरवाळी बाई. जवळच्या आंब्याला झोळी बांधून त्यात तान्ही मुलगी ठेवायची आणि चर खणायची. मूल रडले की कुदळ टाकून जायची, परत यायची. तिचा चर मोजला तर कधी कमी भरला नाही.

ते काम संपले. पुढचे काम निघाले डोंगरापलीकडे, दगडी बांधाचे. जाऊन येऊन पाच तासांची पायपीट. तिकडे सावलीला झाड नाही, म्हणजे झोळी बांधायला जागा नाही. अमुक तारखेपासून तिकडे या, असा निरोप मी पाड्यावर पाठवला. बाकीचे गेले. ती आली नाही. आठ दिवस वाट पाहून मी यादीत तिच्या नावापुढे लिहिले, "काम नाकारले". दोन शब्द. लिहिताना मला काहीच वाटले नाही. उलट यादी पुरी झाली याचे समाधान वाटले.

पुढे महिन्याभराने ती पुन्हा मागणी घेऊन गेली, तेव्हा तिला तो शेरा दाखवण्यात आला. ती माझ्या खोलीवर आली. भांडायला आली नव्हती, विचारायला आली होती. म्हणाली, "साहेब, मी नाही कधी म्हणले? पोरीला कुठं ठेवू, एवढं विचारायला दोनदा आले होते. तुम्ही नव्हता."

मी खरोखरच नव्हतो. तालुक्याला बैठकीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शेरा दुरुस्त करायला गेलो, तर यादी पुढे गेली होती. कागद एकदा पुढे गेला की त्याला परत बोलावणे किती अवघड असते, हे त्या वर्षी कळले. दिवाळीनंतर त्या घराने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली आणि सारे घर भट्टीवर गेले. थोरली मुलगी चौथीत होती. धाकटीला सांभाळायला कोणी हवे म्हणून तिलाही नेले. पुढच्या वर्षी मी पाड्यावर गेलो, तेव्हा शाळेत तिचे नाव नव्हते.

त्या बाईने काम नाकारले नव्हते. तिने एक प्रश्न विचारला होता, आणि तो ऐकायला जागेवर कोणी नव्हते. या गोष्टीला तीस वर्षे होत आली. तेव्हापासून मी कोणाच्याही नावापुढे शेरा मारण्याआधी त्या माणसाला एकदा विचारतो. उशिरा आलेले शहाणपण, पण आले.

आता, अयोग्य काम कोणते आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातला नाही. जगात जेथे जेथे बेकारी भत्ता आला, तेथे तेथे हा वाद झाला. विलायतेत १९११ साली कायदा झाला, तेव्हाच लिहून ठेवले गेले की संपामुळे रिकामी पडलेली जागा नाकारली, किंवा नेहमीच्या ठिकाणी नेहमीपेक्षा कमी मजुरीचे काम नाकारले, तर ते काम नाकारणे धरू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३४ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये करार केले. नंतरच्या करारात सांगितले आहे की काम योग्य की अयोग्य हे पाहताना माणसाचे वय, त्याचा अनुभव, तो किती काळ बेकार आहे, आणि त्या कामाचा त्याच्या घरसंसारावर काय परिणाम होईल, हे सारे विचारात घ्यावे. म्हणजे घरी आजारी आई आहे किंवा झोळीत मूल आहे, ही सबब नव्हे. ती विचारात घेण्याची बाब आहे, असे जगाने मान्य केलेले आहे.

आपल्याकडच्या कायद्याने काम निवडण्याची मुभा दिली नाही. चर नको, रस्ता हवा, असे म्हणता येत नव्हते. पण काही गोष्टी मजुराच्या बाजूने लिहिलेल्या होत्या. लांबचे काम असेल तर बायकांना, विशेषतः एकट्या बाईला, आणि वयस्कर माणसांना जवळचे काम आधी द्यावे. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले बरोबर येत असतील, तर ती सांभाळायला एका बाईला नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी. अपंगांना झेपेल असे काम द्यावे, जसे पाणी देणे, मुले सांभाळणे. माझ्या त्या बाईला मुलांची सोय मागता आली असती, असे आज वाटते. पण तिला ते माहीत नव्हते आणि मला सांगायचे सुचले नाही.

तेव्हा तात्पर्य काय? काम झेपणारे नसेल तर नाही म्हणावे, पण नुसते नाही म्हणू नये. नाही, कारण आणि दुसरी मागणी, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून द्याव्यात. असा कागद नकार राहत नाही, तो कामाची मागणी होतो. नमुना पुढे देतो. वहीच्या पानावर लिहिला तरी चालेल.

"माननीय तहसीलदार तथा कार्यक्रम अधिकारी यांस, ग्रामपंचायतीमार्फत. मी अमुक, जॉबकार्ड क्रमांक अमुक. मी अमुक तारखेला कामाची मागणी केली. मला अमुक ठिकाणचे काम अमुक तारखेस कळवण्यात आले. ते माझ्या घरापासून इतके किलोमीटर आहे. माझ्या घरी आजारी आई आहे, तिला सांभाळणारे दुसरे कोणी नाही. मी काम करण्यास तयार आहे. मला गावाजवळचे काम द्यावे. तोपर्यंत गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी. तारीख, सही."

"मी काम करण्यास तयार आहे" हे वाक्य विसरू नका. साऱ्या अर्जाचा कणा तो आहे. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सही येत नसेल तर अंगठा उमटवा आणि शाळकरी पोराकडून लिहून घ्या. घरात दवाखान्याचा कागद असेल तर त्याची नक्कल जोडा. ग्रामरोजगार सेवक पोच द्यायला कुरकुर करत असेल, तर अर्ज तहसील कार्यालयात टपालाने रजिस्टर करून पाठवा; टपालाची पावती हीदेखील पोचच. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. आपण जनावर विकतानाही चार माणसांसमोर विकतो आणि दाखला घेतो. मग घरच्या हक्काची गोष्ट तोंडी का ठेवावी?

मात्र एक बजावून सांगतो. खोटे कारण लिहू नका. आई धडधाकट असताना आजारी लिहिली, की पुढे खरोखर आजारी असलेल्या आईचा कागदही कोणी मानीत नाही. लबाडी एक करतो आणि भोगतो सारा पाडा.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला. २००५ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या या कायद्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. त्याचबरोबर पेरणी आणि कापणीच्या घाईच्या दिवसांत, वर्षाकाठी मिळून साठ दिवसांपर्यंत, योजनेची कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ते दिवस कोणते हे राज्याने आधी जाहीर करायचे आहे. वर सांगितलेले आकडे आणि मुदती २००५ च्या कायद्यातल्या आहेत. तेव्हा अर्ज देताना आज आपल्या तालुक्यात कोणता नियम आणि कोणता दर चालू आहे, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. कागद करायची रीत मात्र कोणत्याही कायद्यात तीच राहील.

या साठ दिवसांचा अर्थ दोन्ही बाजूंनी ओळखावा. त्या दिवसांत मजुरापुढे सरकारी काम नसेल, फक्त मळ्यावरचे असेल. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तो मिळेल त्या मजुरीला आणि मिळेल त्या कामाला हो म्हणतो. अशा वेळी बागायतदारावर जबाबदारी अधिक येते, कमी नाही.

आता निफाडकर बंधूंना ठरल्याप्रमाणे उत्तर देतो. आपल्याकडे माणसे येत नाहीत, ती का येत नाहीत हे आपण कधी विचारले का? मी विचारले आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतो. ते कातडीला भाजते, डोळ्यांत गेले तर मोठी इजा करते. आणि ते लावण्याच्या आगेमागे काही दिवसांत कोणी दारू घेतली, तर तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते. किती बागांत मजुराच्या हातात रबरी हातमोजे असतात? किती जण दारूची ही गोष्ट मजुराला आधी सांगतात? कीटकनाशके हाताळणाऱ्याला अंगरखा, हातमोजे, तोंडाला पट्टी द्यायला हवी, असे १९७१ च्या नियमांत आहे. उघड्या हाताने हे काम करायला जो नाही म्हणतो, तो आळशी नव्हे. तो शहाणा आहे. आपण आपल्या मुलाला उघड्या हाताने ते लावू देणार नाही.

हातमोज्यांची जोडी, डोळ्यांना चष्मा, हात धुवायला साबण-पाणी, बायकांना आडोसा, झोळीला सावली, आणि ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी, एवढे जेथे असते त्या बागेत दर वर्षी तीच माणसे येतात. असे बागायतदार आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. कोठे मजूर वर्षानुवर्षे टिकतात, हे शेजारच्या शिवारात जाऊन पाहावे. मजूर जेव्हा नाही म्हणतो, तेव्हा तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. झाडाचे पान पिवळे पडले तर आपण झाडाला शिव्या देत नाही, मुळाशी काय कमी पडले ते पाहतो. तसेच हे.

आणि ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, जे चार महिने स्वतःच्या शेतात आणि आठ महिने दुसऱ्याच्या, अशी घरेच या साप्ताहिकाच्या वाचकांत अधिक. त्यांच्यासाठी साऱ्याचे सार थोडक्यात देतो. पान कापून जॉबकार्डात ठेवा.

एक, मागणी नेहमी लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर भत्ता नाही.

दोन, काम कळवले की ते किती लांब आहे ते पाहा. पाच किलोमीटरच्या पुढे असेल तर जादा दहा टक्के मागा.

तीन, लांबचे काम झेपत नसेल तर गप्प बसू नका. कारण लिहा, तयार आहे असे लिहा, जवळचे काम मागा.

चार, घरात दुखणे-खुपणे असेल तर गैरहजेरीआधी परवानगी मागा, नंतर नव्हे.

पाच, तान्ही मुले असलेल्या बायांनी मिळून अर्ज करावा. पाच मुले झाली की सांभाळणारी बाई मागता येते.

सहा, भत्ता बंद झाला तरी काम मागणे थांबवू नका.

सुरगाण्याच्या त्या तरुणाला वेगळे पत्र लिहिले आहे. अर्जाचा नमुना त्यात घातला आहे. आईची प्रकृती कशी आहे तेही कळव, असे लिहिले आहे. निफाडच्या बंधूंनाही पत्र टाकले आहे. त्यांच्या बागेत मी छाटणीला येणार आहे, हातमोज्यांच्या दोन जोड्या घेऊन. पाहू, गाडी भरून येते की नाही.

कळावे. पुढच्या अंकी उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू.